भोकाच्या पैशांचं चाक

माणसाला व्यसन कसलं लागावं याला काही धरबंध नाही. आमच्या समोरच्या प्राणजीवनकाकांना विडी-तंबाखू माहीत नाही, चहा घेतला तरी बशीभर. पण नाव माहीत नसलेली वस्तू दिसली की संपलं. दर रविवारी पहाटे अंघोळ, कपाळाला टिळा, खांद्याला खाकी पिशवी, आणि स्वारी निघाली नदीकाठच्या गुजरीत. सगळं अहमदाबाद तिथे जुनी सायकल घ्यायला जातं, जुनं कपाट घ्यायला जातं. काका जायचे कशाला, तर जे काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, असं काहीतरी घ्यायला.

"नाव माहीत असलेली वस्तू दुकानात मिळते, ताईबेन," ते मला समजावायचे. "त्यासाठी गुजरीत कशाला जायचं?"

ताईबेन म्हणजे मी. लग्न होऊन नागपूरहून या पोळेत, म्हणजे तोंडाशी दार असलेल्या या जुन्या गल्लीत, आले, आता माझे केस पिकले, गुजराती भांडणात मला कुणी हरवून दाखवावं. तरी इथे मराठी माणूस म्हणजे दक्षिणी, म्हणून मी आपली दक्षिणी ताईबेनच. आमच्या पोळेत समोरासमोरची घरं इतकी जवळ की काकांकडे फोडणी पडली की शिंक मला यायची. त्यामुळे त्या घरातलं मला जे ठाऊक नाही ते घडलेलंच नाही, असं खुशाल समजा.

काका जन्मभर म्युनिसिपालिटीच्या बसमध्ये कंडक्टर. खोटं नाणं बोटाला कळायचं म्हणे. निवृत्त झाल्यावर ती बोटं स्वस्थ कशी बसणार? ओट्यावर मांडी ठोकून ते नवी वस्तू हातात घ्यायचे, तोलायचे, नखाने टिचकी मारून कानाशी धरायचे, हुंगायचे, आणि शेवटी, मला अजून शिसारी येते, जिभेचं टोक लावायचे. मग डोळे मिटून नाव सांगायचे. एकदा पितळेची वाकडी नळी आणली, मी म्हटलं पिचकारी. काका म्हणाले, "वऱ्हाडावर गुलाबपाणी शिंपडायची दाणी आहे, वरचा अर्धा भाग." पुढच्या महिन्यात खालचा अर्धा भाग घेऊन आले! आणि चुकले तर? एकदा एका चिमट्याला सुपारीचा अडकित्ता म्हणाले होते, तो निघाला दिव्याची वात कापायचा. तर हा माणूस पोळेत घरोघरी जाऊन सांगून आला, "माझी चूक झाली हो, अडकित्ता नव्हे." लोकांना तो चिमटा आठवतही नव्हता.

काकांच्या बायकोचं नाव विद्युतबेन. ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार. बाई पहाटे उठल्यापासून सुरू. "यांनी घराची गुजरी केली! जिन्याखाली पाय ठेवायला जागा नाही, माळ्यावर उंदीरसुद्धा वाट विचारून जातात!" आणि खोटं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत एक पाहुणा त्यांच्या घरी पाट समजून कसल्यातरी यंत्रावर बसला आणि धोतर तिथेच ठेवून उठला.

दसरा झाला आणि काकांनी ते चाक आणलं.

चाक म्हणजे लाकडाची जाड चकती, वीतभर रुंद. मधोमध चौकोनी भोक. कडेने गोल रांगेत जुने भोकाचे पैसे, राजाच्या मुकुटाचे, पितळी चुकांनी ठोकलेले. पैसे काळे पडलेले, त्यांच्यावर कसलासा लाल थर. मागची बाजू उघडी, आणि तिथे गोलाकार कोरलेल्या अरुंद खाचा. काकांनी तोललं, टिचकी मारली, हुंगलं, चाटलं. डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

"काय आहे?" मी विचारलं.

"थांबा," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून 'थांबा' पहिल्यांदा ऐकलं.

आता दिवाळीची साफसफाई सुरू झालेली. विद्युतबेनने पदर खोचला, आणि सगळ्यात आधी चाकच उचललं. दारापर्यंत आल्या. मी माझ्या ओट्यावरून बघतेय. दारात त्यांची नजर पैशांवर गेली. थबकल्या. चाक कपाळाला लावलं आणि मुकाट्याने परत नेऊन ठेवलं.

"काय झालं?" मी ओरडले.

"अहो ताईबेन, पैसे आहेत ना त्याच्यावर! दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी घराबाहेर टाकू?" बाईंना रडू फुटायचं बाकी होतं. "मेली, हजार वस्तूंत एक टाकता येत नाही, ती नेमकी हीच!"

त्या संध्याकाळी दोघांची जुंपली, आणि मला बोलावणं आलं.

"अहो, ऐकलंत का," विद्युतबेन नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ना, घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव आहे? मग या चाकाचं नाव सांगा. धनतेरसच्या दिवेलागणीपर्यंत मुदत. सांगितलंत, तर मरेपर्यंत जा गुजरीत, मी चकार शब्द काढणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ही खाकी पिशवी मी माझ्या हाताने भंगारवाल्याला देईन. रविवारी घरात बसायचं आणि माझ्यासमोर गवार मोडायची."

काकांचा चेहरा उतरला. दुसऱ्याला वाटेल, एवढं काय त्यात? पण मी रविवारी पहाटे त्यांना पोळेच्या दारातून बाहेर पडताना पाहिलंय. चाल बदलायची हो माणसाची.

"कबूल," काका म्हणाले. "पण निवाडा कुणी करायचा?"

"ताईबेन करतील. त्या दक्षिणी आहेत, त्यांना आपल्या कुणाचंच काही पडलेलं नाही."

याला मान म्हणायचं की अपमान, ते मी अजून ठरवतेय.

झालं, सगळी पोळ कामाला लागली. पहिले आले शेजारचे ईश्वरभाई. गिरणीत जॉबर होते, म्हणून जगातली प्रत्येक वस्तू त्यांना गिरणीतली वाटते. त्यांनी चाक हातात घेऊन गरकन फिरवलं. फिरवलं मात्र फार सुंदर, ते मी नंतर आठवून आठवून हसले.

"बॉबिन," ईश्वरभाई म्हणाले. "या खाचांत सूत अडकायचं."

"आणि पैसे?" काका म्हणाले. "मालकाला पैसे इतके जड झाले होते की बॉबिनला ठोकले?"

"मालकांचं काही सांगता येत नाही."

मी म्हटलं, चकलीचा सोऱ्या असेल, वरची झाकणी. त्यावर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा मी तोंड उघडलं नाही. कुणी म्हणालं हुक्क्याची बैठक, कुणी म्हणालं रथाच्या खेळण्याचं चाक. काका प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे आणि चाक उलटं करून एकच प्रश्न विचारायचे, "मग या खाचा कशाला?" माणूस चहा पिऊन घरी जायचा. विद्युतबेनची साखर संपत आली.

शेवटी आले पोळेतले लाभशंकर महाराज. सत्यनारायणापासून गाडीच्या पूजेपर्यंत सगळं तेच करतात. त्यांनी चाक चौरंगावर ठेवलं, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, लाल थर नखाने खरवडून नाकाशी नेला.

"कुंकू आहे," ते म्हणाले. "वर्षानुवर्षांचं. याची पूजा झालेली आहे. हे लक्ष्मीचं यंत्र आहे."

विद्युतबेनने तिथल्या तिथे पदर डोक्यावर घेतला. चाक जिन्याखालून निघालं ते थेट देव्हाऱ्यात गेलं. दुसऱ्या दिवशी पोळेतल्या बायका दर्शनाला. कुणी फूल वाहतंय, कुणी खडीसाखर ठेवतंय. ईश्वरभाईंच्या मुलाला नोकरीचा कागद आला आणि मग तर विचारायलाच नको, पलीकडच्या पोळेतूनही माणसं यायला लागली. लोक चपला काढायचे कुठे, तर माझ्या ओट्यावर! विद्युतबेन तोऱ्यात प्रसाद वाटायच्या. ज्या वस्तूवरून नवऱ्याशी वैर मांडलं, तिलाच सकाळ-संध्याकाळ उदबत्ती.

आणि काका? काकांची झोप उडाली. देव्हाऱ्यासमोर लोक हात जोडून बसायचे आणि हे मधूनच पुढे सरकून यंत्र उलटं करून बघायचे. विद्युतबेन हातावर चापट मारायच्या.

धनतेरसला पोळेत सगळ्यांनी चांदीची नाणी दुधात धुतली, कुंकू लावलं, पणत्या लागल्या. दिवेलागणीला मी काकांकडे गेले. निवाडा करायचा होता. मी मनाशी ठरवूनच गेले होते. सगळी पोळ म्हणते यंत्र, महाराज म्हणतात यंत्र, खुद्द विद्युतबेन पूजा करतात. काकांनी नुसतं 'यंत्र' म्हणावं, मी 'बरोबर' म्हणणार, बाईंना तोंडच उरणार नाही. काकांचे रविवार वाचतील.

"सांगा काका," मी म्हटलं. डोळासुद्धा मिचकावला. "काय नाव याचं?"

काका चाकाकडे बघत राहिले. घरात दुधाचा आणि तुपाचा वास. विद्युतबेन कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काका, अहो, सगळे काय म्हणतात तेच सांगा ना!"

"सगळे म्हणतात ते मला ठाऊक आहे, ताईबेन," काका हळू आवाजात म्हणाले. "पण यंत्राला खाचा कशाला? हे कशातून तरी निघालेलं आहे. अर्धं आहे हे. मला नाही ओळखू आलं."

मला असा राग आला! डोक्यावर घेऊन नाचावं की डोक्यात चाक घालावं, कळेना. आयती वाट काढून दिली, तर हा बाणेदार माणूस भिंतीला जाऊन धडकला. विद्युतबेनसुद्धा क्षणभर गोंधळल्या. जिंकायची तयारी त्यांनी केली होती, पण अशी नाही. तरी शब्द तो शब्द. त्यांनी खुंटीवरची खाकी पिशवी काढली, घडी घातली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"भंगारवाला लाभपंचमीनंतर येतो," त्या म्हणाल्या. कुणी विचारलंही नव्हतं.

काळी चौदसला, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला, इथल्या बायका घरातलं भांडण बाहेर काढतात. वडे तळून चौकात ठेवायचे, पाणी फिरवायचं, मागे वळून न बघता घरी यायचं. विद्युतबेननेही वडे ठेवले. एरवी त्या चौकातून परत येता येताच नवीन भांडण उकरून काढायच्या. या खेपेला भांडायला समोरचं माणूसच जागेवर नव्हतं. काका "हो" म्हणत होते. काहीही म्हणा, "हो."

दुसऱ्या दिवशी दिवाळी, आणि नेमका रविवार. मी पहाटे रांगोळी काढायला दार उघडलं, तर काका ओट्यावर. अंघोळ झालेली, टिळा लावलेला, खांद्यावर मात्र काही नाही. हात त्या रिकाम्या खांद्याकडे जायचा, परत यायचा. पोळेतून दोघे-तिघे गुजरीकडे निघाले, त्यांनी हाक मारली. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." मला रांगोळीतलं कमळ धड काढता येईना. आतून विद्युतबेनचा आवाज आला, "गवार आणलीय!" आणि त्या आवाजात काही दम नव्हता, मी सांगते.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गुजराती नववर्ष, त्या दिवशी सगळे सगळ्यांकडे जातात. ईश्वरभाईंकडे त्यांची आत्या आली होती, रळियातबा. वय झालेलं, कमरेत वाकलेली, तोंडाचं बोळकं, पण जीभ शाबूत. पूर्वी गावातल्याच रायपूर भागातल्या पोळेत राहायची, आता मुला-सुनेबरोबर नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये. ईश्वरभाई मोठ्या अभिमानाने तिला घेऊन काकांकडे आले. "फोई, दर्शन घे. चमत्कारी यंत्र आहे. माझ्या पोराला नोकरी याच्यामुळे लागली."

विद्युतबेनने वाटीत मठिया आणि घुघरे काढले. मीही तिथेच होते, आता नववर्षाला माणूस जाणारच की. रळियातबा देव्हाऱ्यासमोर टेकली, हात जोडले, डोळे बारीक करून वाकली. आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं भक्तीने रडतेय. ईश्वरभाईंनाही तेच वाटलं, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाई हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"अरे मेल्यांनो," ती म्हणाली, "ही तर आमच्या ह्यांची फिरकी!"

कुणाला काही कळेना.

"फिरकी रे! पतंगाची! मांजा गुंडाळायची! अर्ध्या अहमदाबादने हात जोडले म्हणे, आणि एकालाही फिरकी ओळखू येईना?" तिने चाक उलटं केलं. "या खाचांत बांबूच्या पट्ट्या बसायच्या. अशी दोन चाकं, मधून दांडा. आणि तू, ईश्वर! उत्तरायणाला आपल्या फुवांच्या, ह्यांच्या, मागे हीच फिरकी धरून कोण उभं असायचं? शेंबूड पुसायलाही हात सोडायचा नाहीस!"

ईश्वरभाईंनी चाक हातात घेतलं. गरकन फिरवलं. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

काकांनी स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की टिळा पुसला गेला. "पाच वर्षांचा होतो तेव्हापासून फिरकी धरतोय मी! पण आश्विनात फिरकी कुणाच्या डोक्यात येते? पौषातली संक्रांत असती ना, तर आंधळ्यानेसुद्धा सांगितलं असतं!" आणि ते जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धनतेरसपासून पहिल्यांदाच.

"पण बा," विद्युतबेन म्हणाल्या, "फिरकीला पैसे कुणी ठोकतं का?"

"ह्यांनी ठोकले. मला बांधायला." रळियातबाने पदराने तोंड पुसलं. "पतंगापायी हा माणूस गच्चीवरून पडला. पाय मोडला, फिरकीचं एक चाक मोडलं. मी म्हटलं, उरलेलं आज चुलीत घालते. तर हे म्हणाले, याच फिरकीने मी सगळं रायपूर कापलंय, हात लावू नकोस. मी रोज चुलीत घालायला उचलायची, हे लंगडत येऊन हिसकायचे. मग धनतेरस आली. बघते तर काय, चाकाला गोल पैसे ठोकलेले, वर कुंकू, आणि लक्ष्मीच्या फोटोपुढे मांडलेलं! म्हणतात कसे, 'घाल आता चुलीत.'"

"मग?"

"मग काय? लक्ष्मी चुलीत घालू? जन्मभर रोज त्याला शिव्या दिल्या आणि दर धनतेरसला कुंकू लावलं. हे गेले, तरी शिव्या चालूच होत्या. घर बदललं, तेव्हा सुनेने भंगारात दिलं. तिची काय चूक? सासू ज्याला रोज शिव्या देते, ते टाकल्यावर बरंच वाटेल, असं वाटलं बिचारीला."

काकांनी चाक ईश्वरभाईंच्या हातातून घेतलं, उपरण्याने पुसलं आणि रळियातबाच्या मांडीवर ठेवलं.

"घेऊन जा, बा. तुमचं आहे."

"नेते," ती म्हणाली. आढेवेढे घेतले नाहीत. "फ्लॅट फार स्वच्छ आहे रे. शिव्या द्याव्यात असं काही घरात उरलंच नाही."

ती उठली. मग काय मनात आलं कोण जाणे, थांबली, आणि एक पैसा चुकेसकट हलवू लागली. चूक सैल होती, निघाली. तो काळा पडलेला भोकाचा पैसा तिने विद्युतबेनच्या हातात ठेवला आणि मूठ मिटली.

"ठेव. तुझं माणूसही त्याच जातीचं दिसतं."

देव्हारा रिकामा झाला. लाभशंकर महाराज पुढे आठवडाभर आमच्या बाजूला फिरकले नाहीत. काका मात्र त्याच संध्याकाळी घरोघर फिरून आले, "यंत्र नव्हे हो, फिरकी. आणि मी नाही ओळखली, रळियातबांनी ओळखली." ईश्वरभाईंनी त्यांना दारातच गप्प करायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

पण शब्द तो शब्दच. मुदत टळली होती, काका हरलेच होते, आणि त्यांनी पिशवीचं नावसुद्धा काढलं नाही. लाभपंचमी झाली, दिवाळीपासून बंद असलेली दुकानं उघडली, भंगारवाला पोळेत ओरडत आला. मी ओट्यावर येऊन उभी राहिले. विद्युतबेन दारात आल्या, भंगारवाल्याला म्हणाल्या, "आज काही नाही." तो गेला. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

रविवार आला. पहाटे मी सडा टाकत होते. काका ओट्यावर, अंघोळ झालेली, टिळा लावलेला, समोर ताटात गवार. आतून विद्युतबेन आल्या आणि खाकी पिशवी त्यांच्या मांडीवर आपटली. पिशवीच्या पट्ट्यावर मधोमध तो भोकाचा पैसा लाल दोऱ्याने घट्ट शिवलेला, आणि वर कुंकवाचा ठिपका, ओलाच.

काका पैशाकडे बघतात, बायकोकडे बघतात.

"माझ्याकडे काय बघता?" विद्युतबेन कडाडल्या. "भंगारात द्यायलाच काढली होती मी. आता तिच्यावर लक्ष्मी आहे, कशी देणार? ताईबेन, तुम्हीच सांगा, देता येईल का?"

"छे छे," मी म्हटलं. "मुळीच नाही."

निवाडा झाला. काका उठले, पिशवी खांद्याला लावली, एकदा पट्टा चाचपला आणि पोळेच्या दाराकडे निघाले. तीच चाल. विद्युतबेनने गवारीचं ताट पुढ्यात ओढलं आणि त्यांच्या पाठीमागून ओरडल्या, "आणि पिशवीत मावेल तेवढंच आणा!"